कोरी कॅटफिशची अंडी आणि पिल्लं, आपल्या वऱ्हाडातल्या पाण्यात

मागच्या जूनमधली गोष्ट, मृग लागून तीन-चार दिवस झाले होते, रात्रभर ढग गडगडले पण थेंब काही पडला नाही, आणि सकाळी आई चहा घेऊन आली ती टाकीसमोरच थांबली. म्हणे, "काय रे बाबू, काचीले मोहरी कायले चिकटवली?" मी उठून धावतच गेलो. खरंच मोहरीएवढे दाणे, पांढुरके-पिवळसर, फिल्टरचं पाणी जिथे काचेला लागतं बरोब्बर तिथे चार-पाचच्या पुंजक्याने चिकटलेले, मोजले तर एकशे दहाच्या वर भरले. खाली वाळूत माझ्या सहाही कोरी दमल्यासारख्या पडून होत्या. त्या दिवसापासून आतापर्यंत पाच वेळा अंडी झाली, पहिल्या दोन वेळची पिल्लं जवळपास सगळी मेली, नंतरची बरीचशी जगली, आणि कुठे काय चुकलं ते आता समजतंय म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आधी मासोळी कोणती ते सांगतो, कारण गावात कॅटफिश म्हटलं की लोकांना मांगूरच आठवतो. मांगूरही कॅटफिशच, पण मी बोलतोय ती कोरीडोरस, दोन-अडीच इंचाची, दक्षिण अमेरिकेतली, टाकीच्या तळाशी टोळीने फिरणारी आणि तोंडाजवळच्या छोट्या मिशांनी वाळू चाळत खाणारी. हिच्या अंगावर खवले नसतात, दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, घरावर कौलं बसवल्यासारख्या. कधीकधी ती अचानक सरळ वर जाते, तोंडाने हवेचा घोट घेते आणि परत खाली येते. नवीन माणसाला वाटतं पाण्यात काही बिघाड झाला, पण ती आतड्यातून हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, म्हणून मधूनमधून असं करणं नॉर्मल आहे. सगळ्याच मासोळ्या सारख्या वर येऊ लागल्या तर मात्र पाणी खराब झालंय समजायचं.

दुकानात साधारण तीन मिळतात, ब्राँझ, तिचीच पांढरी म्हणजे अल्बिनो, आणि ठिपक्यांची पेपर्ड. पेपर्डचा इतिहास मोठा आहे, डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत जे मासे गोळा केले त्यात ही होती आणि १८४२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. पण ती थंड पाण्याची आहे, अर्जेंटिना-उरुग्वेकडची, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तिचे फार हाल होतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की विदर्भात पहिल्यांदा करणाऱ्याने ब्राँझ किंवा अल्बिनोच घ्यावी. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या गटाचे तुकडे केले आणि ब्राँझचं नाव ऑस्टिओगॅस्टर एनिया झालं, पण दुकानदाराला कोरीच सांगा.

किमान सहा घ्या आणि नर जास्त असू द्या, एका मादीमागे दोन नर बरे पडतात. नर-मादी ओळखायला बाजूने बघून उपयोग नाही, वरून बघायचं. मादी वरून रुंद दिसते, पोटाशी फुगीर, आणि नर बारीक, निमुळता. पण हे मासोळी वर्षभराची झाल्यावर कळतं, लहानपणी सगळ्या सारख्याच दिसतात.

आता मुख्य मुद्दा, अंडी कधी देतात. तर पाऊस आला असं वाटलं की देतात. त्यांच्या मुलखात उन्हाळ्यात नदी-नाले आटतात, डबकी उरतात, त्यातलं पाणी गरम होतं, क्षार वाढतात, मग पाऊस येतो आणि गार, हलकं, ताजं पाणी सगळीकडे पसरतं, त्यात बारीक किडे-जीव भरमसाट होतात, म्हणजे पिल्लांना खायला तयार. ज्या मासोळीने या वेळेला अंडी दिली तिची पिल्लं जगली, म्हणून गार पाण्याचा इशारा हा त्यांच्या अंगातच बसलाय. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, रोहिणीत नांगरून-वखरून ठेवायचं आणि मृगाच्या पावसाची वाट बघायची, तसंच आहे हे. फक्त लोक एक चूक करतात, वखरणी न करता पाऊस पाडतात. मादीच्या पोटात अंडीच तयार नसतील तर कितीही गार पाणी ओता, काही होणार नाही.

म्हणून आधी दोन-तीन आठवडे खुराक. कोरडी गोळी एकवेळ आणि एकवेळ जिवंत किंवा ताजं काहीतरी. मी गांडूळ देतो, ब्लेडने अगदी बारीक तुकडे करून, पाण्यात धुऊन. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं काही मासे तोंडात घेऊन थुंकून टाकतात, घरामागच्या ओल्या मातीतली साधी गांडुळं बरी, पण जिथे फवारणी किंवा तणनाशक झालंय तिथली अजिबात घ्यायची नाही. डासाच्या अळ्याही आवडीने खातात. या काळात पाणी जास्त बदलायचं नाही, पातळी थोडी उतरू द्यायची, म्हणजे आपोआप उन्हाळा तयार होतो. दहा-पंधरा दिवसांत मादी इतकी गोल होते की पाठीवरूनच कळतं.

मग पाऊस. माझी टाकी दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच, साधारण ५४ लिटर. जूनच्या सुरुवातीला तिचं पाणी २८ अंशाला असतं. रांजणात रात्रभर ठेवलेलं पाणी २२-२३ होतं. अर्धं काढून अर्धं हे घातलं की टाकी २५ वर येते, आणि हाच तो तीन अंशाचा फरक त्यांना लागतो. बादलीने धाडकन ओतायचं नाही, मी ठिबकची बारीक नळी नवीन आणली आणि स्टुलावर ठेवलेल्या रांजणातून अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू सोडतो, वरून पाणी पडल्याचा आवाजही होतो. लागोपाठ दोन-तीन संध्याकाळी हे करायचं. खऱ्या ढगाळ हवेच्या दिवशी, हवेचा दाब उतरलेला असताना केलं तर जास्त लागू पडतं असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे आणि माझाही तोच आहे. एक लक्षात ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असल्याने माठ-रांजण पाणी फारसं गार करत नाही, तेव्हा बर्फ झालेली बंद बाटली बादलीत टाकून पाणी गार करून घ्यायचं, बर्फ थेट टाकीत नाही.

पाणी कोणतं, हा आपल्या भागातला सगळ्यात अवघड प्रश्न. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. आमच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, १८०० दाखवतं, माणूस पिऊ शकत नाही, जनावरं तोंड फिरवतात. कोरी त्यात काही दिवस जगेलही पण अंडी द्यायला तिला मऊ पाणी लागतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यात ज्यांचं घर आहे त्यांनी बोअर विसरून जायचं. मी नळाचं, धरणावरून येणारं पाणी वापरतो आणि पावसाळ्यात टिनावरचं पावसाचं पाणी अर्धं मिसळतो. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, टिनावरची सगळी धूळ-घाण त्यात उतरते. आणि नळाच्या पाण्याला टीसीएलचा म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल, पावसाळ्यात ग्रामपंचायत हमखास जास्त टाकते, तर ते उघड्या ड्रममध्ये हवा सोडून एक-दोन दिवस ठेवायचं, नाहीतर अँटीक्लोरिनचे थेंब टाकायचे. क्लोरिनने कल्ले जळतात आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात.

हे जिवाणू काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या कारण पुढे पिल्लं यावरच जगतात किंवा मरतात. शेतात आपण युरिया टाकतो, त्याचा आधी अमोनिया होतो, मग जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि ते पीक उचलतं. टाकीत युरियाच्या जागी माशाची घाण आणि उरलेलं खाद्य असतं, बाकी कारभार सेम. अमोनिया विष, नायट्राइटही विष, नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे काम करणारे जिवाणू स्पंज फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात आणि नव्या टाकीत ती वस्ती बसायला महिना-सव्वा महिना लागतो. त्यातून आपलं काळ्या मातीतलं पाणी अल्कलीयुक्त, आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) व तापमान जितकं जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणजे पुण्या-मुंबईचा माणूस ज्या चुकीतून सुटून जातो त्यात आपली पिल्लं मरतात. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

अंडी देण्याआधी तासन् तास पळापळ चालते, नर मादीच्या मागे, तिच्या डोक्यावर-पाठीवर मिशा घासत. मग एक नर आडवा होतो आणि मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षर दिसतं, काही सेकंद दोघं तसेच थिजल्यासारखे. हे नुसतं प्रेम नाही. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीवर अभ्यास करून दाखवलं की मादी नराचं वीर्य तोंडाने पिते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने खाली येतं आणि पोटाखालच्या परांची ओंजळ करून तिने त्यात जी अंडी धरलेली असतात त्यांच्यावर पडतं. मी रात्री साडेदहाला टॉर्च बाजूला धरून ती ओंजळ पाहिली, दोन्ही पर जुळलेले आणि मध्ये चार दाणे, ती ते घेऊन काचेपाशी गेली, आधी तोंडाने जागा चाचपली जशी बाई रांगोळीआधी जमीन पुसते, आणि पोट दाबून अंडी चिकटवली. मग परत टी. असं पाच-सहा तास चालतं आणि शंभर-दोनशे अंडी होतात.

झालं की लगेच हात घालू नका, पण सकाळपर्यंतही थांबू नका, कारण आईबापच अंडी खातात. दोनेक तासांत अंड्याचं कवच टणक होतं, मग स्वच्छ धुतलेल्या बोटाने काचेवरून हलकं लोटायचं, गोळीसारखं ते बोटाला चिकटून येतं. हाताला साबण, तेल, तंबाखू काही नको. मी तीन लिटरचा प्लास्टिकचा पारदर्शक डबा टाकीतच तरंगत ठेवतो म्हणजे तापमान सारखं राहतं, टाकीचंच पाणी घालतो, एअर पंपाची नळी अंड्यांच्या बाजूला बारीक बुडबुडे येतील अशी लावतो, आणि मिथिलीन ब्लूचे, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचे, इतके थेंब की पाणी फिकट आभाळी दिसावं. मिथिलीन ब्लू नसेल तर देशी बदामाचं लाल होऊन गळलेलं पान, शाळेच्या आवारात सगळीकडे असतं, धुऊन टाकायचं, पाणी चहासारखं होतं आणि बुरशीला थोडा आळा बसतो.

दुसऱ्या दिवसापासून फरक दिसतो, फळलेलं अंडं पिवळसर-तपकिरी होत जातं आणि न फळलेलं चुन्यासारखं पांढरं पडून त्याला कापूस फुटतो. पांढरं दिसलं की ड्रॉपरने काढायचं, नाहीतर शेजारच्यालाही बुरशी लागते, बोंडअळी एका बोंडातून दुसऱ्यात जाते तसं. तिसऱ्या दिवशी अंड्यात दोन काळे डोळे दिसतात, मला तर तो क्षण दर वेळी तेवढाच आवडतो. २५-२६ अंशाला तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात, जिऱ्याच्या दाण्याएवढी, पारदर्शक, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लागलेली. ती पिशवी संपेपर्यंत दोन-तीन दिवस खायला काहीही द्यायचं नाही. मी पहिल्या वेळी प्रेमापोटी पहिल्याच दिवशी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चुरून टाकला, संध्याकाळपर्यंत पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि दोन दिवसांत सत्तर-ऐंशी पिल्लं गेली.

खायला काय, तर ब्राइन श्रिम्पची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी पाकिटात मिळतात. कोल्ड्रिंकची बाटली बुडाशी कापून उलटी टांगायची, एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर अंडी, तळातून जोरात हवा, २४ ते ३६ तासांत केशरी ठिपके हलू लागतात. जुन्या सुती कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवायचे, मीठ पिल्लांच्या डब्यात जाता कामा नये, आणि ड्रॉपरने तळाशी सोडायचे. पंधरा मिनिटांनी भिंगातून बघा, पारदर्शक अंगात केशरी पोट भरलेलं दिसतं, ज्याचं पोट केशरी ते पिल्लू जगणार. दुसरा स्वस्त उपाय मायक्रोवर्म, कोण्या पाळणाऱ्याकडून चमचाभर विरजण आणायचं आणि ओट्सच्या किंवा कणकेच्या घट्ट पेजेवर चिमूटभर यीस्टसोबत लावायचं, आठवडाभरात डब्याच्या भिंतीवर पांढरे धाग्यासारखे किडे चढतात, बोटाने पुसून घ्यायचे. हे वर्म तळाला बसतात आणि कोरीची पिल्लंही तळालाच खातात म्हणून जोडी जमते. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं.

आता ज्या कारणासाठी मी हे लिहायला बसलो ते. पिल्लू उपाशी कमी मरतं आणि तळाच्या घाणीने जास्त मरतं. मोठ्या कोरी निदान मधूनमधून वर जाऊन येतात, ही पिल्लं मात्र चोवीस तास पोट टेकून तळाला बसलेली, म्हणजे आपल्या घरात रांगणाऱ्या लेकरासारखं, जमीन जशी असेल तसं त्याचं पोट राहणार. उरलेलं खाद्य तळाला सडतं, त्यावर बुळबुळीत थर येतो, अमोनिया सगळ्यात जास्त तिथेच, जिवाणू पोटाला आणि मिशांना लागतात. बोटाने डब्याचा तळ चोळून बघा, निसरडा लागला तर उशीर झालाय. मी सकाळ-संध्याकाळ सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने तळ शोषून घेतो, कापसाच्या बोळ्याने पुसतो, आणि रोज चौथा हिस्सा पाणी बदलतो, तेही मोठ्या टाकीतलंच, म्हणजे तापमानाचा झटका बसत नाही. पाणी चार बोटंच उंच, पसरट डबा, म्हणजे पिल्लाला हवा पुरते. डब्यात दोन-तीन लहान गोगलगायी सोडल्या तर उरलेलं त्या खातात, मला फायदा झाला. बरेच जण तळ अगदी मोकळा ठेवा म्हणतात, मी दहाव्या दिवसानंतर धुतलेल्या बारीक वाळूचा अगदी पातळ थर देतो, माझ्याकडे मिशा झिजण्याचा त्रास त्याने कमी झाला.

लाइट जाणं हे आपल्याकडे ठरलेलंच, त्यात जूनच्या वावधानात तार तुटली की दोन-दोन दिवस येत नाही. सेलवर चालणारा छोटा एअर पंप आधीच घेऊन ठेवा. आमच्याकडे एका रात्री आठ तास लाइट नव्हती, मोठ्यांना काही झालं नाही कारण त्या वर येऊन हवा घेतात, पिल्लांसाठी मी आणि बहिणीने आळीपाळीने कपाने पाणी वरून सोडत रात्र काढली, आणि सकाळी फक्त चार गेली होती.

दुसऱ्या वेळची पिल्लं कशी गेली तेही सांगतो, मन घट्ट करून. तीन आठवड्यांची झाली होती, ठिपके उमटायला लागले होते, पाठीवरचा पर उभा करून टोळीने फिरायची. त्या दिवशी नेहमीची बादली बहिणीने धुवायला नेली होती म्हणून मी ओसरीवरची दुसरी घेतली, स्वच्छ दिसत होती, दोनदा विसळली, पाणी भरून टाकलं. अर्ध्या तासात पिल्लं गोल गोल फिरू लागली, उलटी पडली, संध्याकाळपर्यंत एकही राहिलं नाही. रात्री बाबा शेतातून आले तेव्हा कळलं की मागच्या आठवड्यात त्याच बादलीत कपाशीच्या फवाऱ्याचं औषध कालवलं होतं. माणसाला न दिसणारं, नाकाला न येणारं तेवढंसं औषध पुरेसं होतं. तेव्हापासून माझ्या दोन बादल्या, मग, नळी, कापड सगळं वेगळं आहे, त्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारलाय आणि घरात कोणीच त्याला हात लावत नाही. फवारणी करून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नका, आणि शेजारच्या वावरात फवारा चालू असेल तर खिडकी लावून एअर पंप आतल्या खोलीत घ्या, कारण पंप तीच हवा पाण्यात ढकलतो.

तीन-चार आठवड्यांनी पिल्लं मोठ्या जागेत हलवायची, जुना चालू स्पंज फिल्टर सोबत द्यायचा, नवा नाही. मग कुटलेली गोळी, बारीक चिरलेलं गांडूळ हळूहळू सुरू करायचं. दोन महिन्यांत नखाएवढी होतात. पकडताना जाळी वापरू नका, त्यांच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात, मोठीचा काटा बोटाला लागला तर चांगली आग होते. कपात पाण्यासकट घ्यायचं.

जास्त झाली तर देऊन टाका, विका, पण तलावात-नदीत एकही सोडू नका. टाकीची काच चाटणारा सकर मासा लोकांनी असाच सोडला आणि देशात कितीतरी पाणवठ्यांत तो माजलाय, कोळ्यांची जाळी फाटतात. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव असोत की आपली पूर्णा, तिथे आपले मांगूर, शिंगी राहू द्यायचे.

देताना पिल्लं तीन महिन्यांची, इंचभर झालेली असावी. आदल्या दिवशी खाद्य बंद, म्हणजे पिशवीत घाण करत नाहीत. जाड पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, दहा-बारापेक्षा जास्त भरायची नाहीत, आणि पिशवीचे कोपरे रबराने बांधायचे म्हणजे कोपऱ्यात पिल्लू दबत नाही. पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून उन्हाळ्यात सकाळच्या पहिल्या एसटीनेच पाठवतो, दुपारच्या गाडीत इंजिनाजवळच्या पत्र्याचं तापमान त्यांना सहन होत नाही. घेणाऱ्याला एवढंच सांगायचं की पिशवी बंद ठेवून अर्धा तास टाकीत तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी आत घाला, आणि आधी विचारा की बादली कोणती आहे.